स्क्रीनवर ४७ चे ५८ झाले, चलनावर नग तेवढेच! कुठे चुकतंय?

गाळा_नंबर_७ (भोसरी)

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत माझं छोटं मशिनिंग शॉप आहे. चार व्हीएमसी (टूल फिरवून धातू कापणारी कॉम्प्युटरवरची मशीन), तीन सीएनसी टर्निंग (कॉम्प्युटरवरचे लेथ), दोन पाळ्या मिळून एकवीस माणसं. कोल्हापूरहून ग्रे आयर्नचं कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) येतं, आम्ही त्याचं बेअरिंग हाउसिंग मशीन करून चाकणच्या एका मोठ्या कंपनीला देतो, ते गिअरबॉक्स बांधून गाडीवाल्यांना देतात. म्हणजे साखळीत माझ्याखाली फौंड्री आणि फौंड्रीखाली भंगारवाला.

गेल्या दीड वर्षात दोन गोष्टी झाल्या. पहिली, चाकणवाल्यांनी पोर्टल आणलं. पूर्वी शेड्यूल महिन्याचं यायचं, एक्सेलमध्ये, आणि बदल असला तर फोन. आता पोर्टलवर रोज. टेम्पो निघायच्या आधी माल तिथे भरायचा, त्यांचं बारकोड लेबल छापून प्रत्येक बिनला चिकटवायचं. लेबल नसेल तर गेटवरूनच परत. खोटं कशाला बोलू, याचा फायदा झाला. आमची उलाढाल पाच कोटींच्या वर आहे, त्यामुळे १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस करावंच लागतं. आता बिल, चलन, लेबल सगळं गेटवर एका स्कॅनमध्ये जुळतं. पूर्वी टेम्पो दोन-दोन तास रांगेत असायचा आणि माल जमा झाल्याची नोंद व्हायला आठवडा लागायचा. आता त्याच दिवशी होते, म्हणजे पेमेंटचे ४५ दिवस कधीपासून मोजायचे यावर तरी वाद नाही. ४५ दिवसांत पैसे येतात का, तो वेगळा धागा काढावा लागेल.

दुसरी गोष्ट म्हणजे बॉक्स. पोर्टलपाठोपाठ 'तुमच्या मशीनचा डेटा दाखवा' सुरू झालं. एक विक्रेता आला, दोन व्हीएमसींच्या टॉवर लॅम्पवर बॉक्स लावून गेला. हिरवा दिवा म्हणजे मशीन चालू, पिवळा-लाल म्हणजे बंद. प्रोग्राम संपला की एक नग मोजला. माझ्या केबिनमध्ये टीव्ही, त्यावर ओईई, म्हणजे पाळीतला किती टक्के वेळ चांगले नग काढण्यात गेला तो आकडा. मशीनला ३५ हजार, वर महिन्याचं भाडं.

पहिल्या महिन्यात मशीन नंबर ३ चा आकडा आला ४७. हिशोब सरळ आहे. पाळी ४८० मिनिटांची, सायकल ६ मिनिटं, चांगले नग सरासरी ३८. ३८ सक २२८, भागिले ४८०. विक्रेता म्हणाला, जगात ८५ असतो. मला तर लाजच वाटली. दुसऱ्या महिन्यात मी टीव्ही केबिनमधून काढून शॉपवर लावला, सगळ्यांना दिसावा म्हणून. तिसऱ्या महिन्यात आकडा ५८ वर गेला. मी पेढे आणले.

महिनाअखेरीला चलनं जुळवायला बसलो. मशीन ३ चे नग पाळीला ३८. तेव्हाही ३८, आताही ३८. रिजेक्शन नेहमीइतकंच. आणि त्या टीव्हीवर काही दिवस परफॉर्मन्स (ठरलेल्या वेगाच्या तुलनेत मशीनचा वेग) १०४ टक्के दिसतो. शंभराच्या वर मशीन कसं चालेल?

आता चाकणवाले म्हणतात, पुढच्या ऑडिटपर्यंत सातही मशीनचा डेटा लाइव्ह जोडा. प्रश्न एवढाच: या सगळ्याने माल खरंच जास्त निघतो, की फक्त आपण जास्त दिसतो? ज्यांनी लावलंय त्यांनी सांगा. विकणाऱ्यांनी कृपया फोन नंबर टाकू नयेत.

---

दुसरी_पाळी

साहेब, रागावू नका. मी आठ वर्षं सेटर आहे, म्हणजे पार्ट बदलला की मशीनची सेटिंग करणारा, त्यातली सहा रात्रीची. तुमचे जास्तीचे आठ नग हवेतले आहेत.

हिशोब उलटा करा. ५८ टक्के म्हणजे ४८० मधली २७८ मिनिटं, सहाने भागा, ४६ नग. ट्रेमध्ये ३८. बॉक्स दिवा बघतो, नग बघत नाही. कास्टिंग संपलं किंवा सेटिंगनंतरचा पहिला पीस तपासायला गेला की मशीन उभं राहतं, दिवा पिवळा होतो, टीव्हीवर पट्टी लाल होते आणि सुपरवायझर येतो. मग माणूस रिकाम्या फिक्स्चरवर (पार्ट पकडायच्या जागेवर) सायकल स्टार्ट दाबतो. टूल हवेत फिरतं, दिवा हिरवा. शेवटी एम३० (प्रोग्राम संपल्याचा कोड) आला की बॉक्सने नग मोजला. वर फीडचं (टूल सरकायच्या वेगाचं) बटण १२० टक्क्यांवर ठेवलं की सहा मिनिटांची सायकल पाचात संपते. हेच तुमचे १०४ टक्के.

रात्री साडेबाराला जाऊन दारात उभे राहा. आत जाऊ नका, नुसतं ऐका. कास्ट आयर्न कापतानाचा आवाज आणि हवेतला आवाज यातला फरक तुम्हाला सांगायला नको.

आणि त्याला चोर म्हणू नका. याने त्याचा एक रुपया वाढत नाही. टीव्ही केबिनमध्ये होता तोवर ४७ खरे होते ना?

---

टोमॅटो_चाळ

आमच्याकडे त्या टीव्हीवर आता मॅच बघतात. ओईई उत्तम आहे.

---

प्लॅनिंगची_खुर्ची

मी तुमच्या समोरच्या बाजूची. तुमच्या कंपनीत नाही, पण चाकणलाच अशाच एका ठिकाणी सप्लायर शेड्यूल बघते. थोडं आमचंही पाप सांगते.

आमची सिस्टीम रोज रात्री सगळी गणितं नव्याने मांडते. गाडीवाल्याने एका मॉडेलच्या चाळीस गाड्या पुढच्या आठवड्यात ढकलल्या की स्टॉक, वाटेतला माल, रिजेक्शन असं सगळं धरून प्रत्येक पार्टचा आकडा हलतो. तुम्हाला सोमवारी ४०० दिसले, बुधवारी २५० होतात आणि दुसऱ्याच पार्टचे १५० आज मागितलेले असतात. पूर्वी हा बदल मीच गिळायचे, कारण रोज तीस सप्लायरना फोन करणं शक्यच नव्हतं. आमच्या स्टोअरमध्ये आठवड्याचा माल असायचा, त्यात हेलकावे जिरायचे. आता पोर्टल आपोआप पाठवतं आणि स्टोअरमध्ये दोन दिवसांचाच माल आहे. आमच्या अहवालात ही मोठी सुधारणा. तुमच्याकडे त्यामुळे सेटिंग किती वाढल्या, ते आमच्या कुठल्याच अहवालात येत नाही.

हे नवीनही नाही. एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी १९६१ सालीच दाखवून दिलं होतं की दुकानातली मागणी जराशी हलली तर मागे कारखान्यापर्यंत जाताना ती फुगत जाते. चाबकासारखं, मनगट थोडं हलतं आणि टोक हातभर. प्रॉक्टर अँड गँबलला हे लहान मुलांच्या डायपरमध्ये सापडलं. बाळं काही एका आठवड्यात दुप्पट ओली होत नाहीत, तरी वितरकांच्या ऑर्डरी वरखाली उड्या मारत होत्या. यावर उतारा एकच, खरी मागणी खालपर्यंत सगळ्यांना दिसली पाहिजे. आम्ही दाखवतो ती मागणी नव्हे, दाखवतो तो आमच्या सिस्टीमचा रोजचा मूड.

तुम्ही दोन गोष्टी मागा. एक, पुढच्या तीन दिवसांचं शेड्यूल गोठवा. हे लेखी मागा, खरेदीकडे नाही, प्लॅनिंगच्या मॅनेजरकडे. दुसरी, पोर्टलवर कुठेतरी पुढच्या चार आठवड्यांचे अंदाजे आकडे असतील. बहुतेक सप्लायर ते पान कधी उघडतच नाहीत, आणि आम्हीही सांगत नाही. तो आकडा चुकतो, पण रोजच्यापेक्षा कमी नाचतो.

---

शिरोलीकर

नमस्कार. मी खालचा, म्हणजे फौंड्रीवाला. तुमचा नव्हे, तुमच्यासारख्या सहाजणांचा.

गाळावाले साहेब, तुम्ही पोर्टलचं सगळं लिहिलंय, पण फौंड्रीला ऑर्डर कशी पाठवता ते लिहिलं नाही. मी सांगतो की. व्हॉट्सअ‍ॅपवर. वहीच्या पानाचा फोटो, त्यावर अंगठा आलेला, खाली 'अर्जंट'. चाकणपासून भोसरीपर्यंत बारकोड आणि भोसरीपासून कोल्हापूरजवळच्या शिरोलीपर्यंत अंगठा! मग म्हणायचं कास्टिंग वेळेत येत नाही.

तुमचा फोटो बुधवारी येतो. माझं त्या आठवड्याचं मोल्डिंग तोवर लागलेलं असतंय. पॅटर्न बदलायचा, कोअर काढायचे, ओतायचं, थंड व्हायला सोडायचं, झाडायचं, शॉट ब्लास्ट, फेटलिंग. चार दिवस धरा, ते कुठल्या सेन्सरनं तीन होत नाहीत. त्यात आमची सुट्टी सोमवारी, तुमची गुरुवारी. आठवड्यातले दोन दिवस कुणीतरी एक झोपलेला.

आणि मी काही यंत्राच्या विरोधात नाही. दोन वर्षांपूर्वी इंडक्शन फर्नेसला वेगळा मीटर लावला, पाच-पाच मिनिटांचे युनिट मोबाईलवर दिसतात. लोखंड वितळवायला टनाला सहाशेच्या आसपास युनिट जातात हे सगळ्यांनाच ठाऊक. मी त्याच्या बराच वर होतो. वाटायचं भट्टी जुनी झाली. मीटरवर दिसलं की धातू तयार होऊन बसतोय आणि मोल्ड तयार नाहीत, म्हणून भट्टी नुसतीच गरम ठेवतोय. वीस मिनिटं, कधी अर्धा तास, झाकणसुद्धा उघडं. भट्टीला काहीच केलं नाही. मोल्डिंगची पाळी तासभर आधी लावली आणि झाकण घालायला एका पोराला सांगितलं. बिलात फरक पडला.

पण बघा, मला तो मीटर उपयोगी पडला कारण प्रश्न भट्टीपाशीच होता. तुमचं मशीन कशाची तरी वाट बघत उभंय. ती वाट कुठनं येती ते मशीनवरच्या दिव्याला कसं कळणार?

---

पट्टा_आणि_पुली

निवृत्त आहे, वेळ आहे, म्हणून थोडं जुनं सांगतो. ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे जावं.

रॉबर्ट सोलो या नोबेलविजेत्या अर्थशास्त्रज्ञाने १९८७ साली लिहिलं होतं की संगणकाचं युग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत दिसत नाही. त्याला उत्तर म्हणून पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये विजेच्या मोटरचं उदाहरण काढलं. अमेरिकेत कारखान्यांत वीज आली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, उत्पादकता उसळली ती १९२० नंतर. मधली वर्षं काय झालं? लोकांनी वाफेचं इंजिन काढून तिथे एक मोठी मोटर बसवली, आणि वरचा शाफ्ट, पुल्या, पट्टे तसेच ठेवले. मशीन शाफ्टच्या रांगेत उभं, माल जिकडून यायचा तिकडूनच. पुढे एकेका मशीनला स्वतःची मोटर आली, मग मशीन मालाच्या वाटेने मांडता आलं, तेव्हा कुठे फरक पडला.

मी लहानपणी काकांबरोबर ज्या वर्कशॉपमध्ये जायचो तिथे छताखाली असा शाफ्ट होता. एका पट्ट्याला कातडी पॅच मारायचा म्हणजे सहा लेथ बंद. तुमचा टीव्ही जुन्या शाफ्टवर टांगलाय, एवढंच म्हणतो.

८५ चा धाक बाळगू नका. तो आकडा जपानच्या सेइची नाकाजिमांच्या टीपीएम (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स) या मशीन सांभाळायच्या पद्धतीतला: उपलब्धता ९०, वेग ९५, गुणवत्ता ९९, यांचा गुणाकार. वर्षभर एकच वस्तू काढणाऱ्या लाइनला तो शोभतो. रोज सेटिंग बदलणाऱ्या शॉपला तो लावणं म्हणजे रिक्षाला राजधानी एक्स्प्रेसचं वेळापत्रक.

---

नेकारच्या_काठी

श्टुटगार्टजवळ असतो, मशीन जोडण्याचंच काम करतो. इथल्या छोट्या शॉप्समध्येही वीस-पंचवीस वर्षांची मशीन आहेत, त्यामुळे दिव्यावर बॉक्स इथेही लावतात. दोनच मुद्दे.

तुमच्या व्हीएमसीला फॅनुकचा कंट्रोलर आणि इथरनेट असेल तर दिव्याऐवजी फोकास लायब्ररीतून (कंट्रोलरमधला डेटा वाचायचं फॅनुकचं सॉफ्टवेअर) थेट वाचा. त्यात स्पिंडल लोड, म्हणजे टूल फिरवणाऱ्या मोटरवरचा भार, मिळतो. हवेत फिरताना लोड जवळजवळ सपाट असतो, बोअरिंगला वर जातो. हवेतले नग तिथे लगेच उघडे पडतील. पण आधी दुसरी_पाळी यांचं वाचा. कारण न काढता नुसती पकड घट्ट केली तर माणूस पुढची युक्ती शोधेल.

दुसरं, ग्राहकाला थेट मशीनपर्यंत लाइन देऊ नका. मधे एक पीसी, मशीनचं नेटवर्क वेगळं, ऑफिसचं वाय-फाय वेगळं, आणि बाहेर फक्त ठरलेले आकडे जातील असं करा. १ मार्च २०२२ ला टोयोटाचे जपानमधले चौदाच्या चौदा कारखाने एक दिवस बंद राहिले, सुमारे १३ हजार गाड्या त्या दिवशी बनल्या नाहीत. कारण कोजिमा इंडस्ट्रीज या प्लास्टिकचे भाग पुरवणाऱ्या एका सप्लायरवर सायबर हल्ला झाला होता. जोडणी जितकी घट्ट, तितका लहान माणसाचा पंक्चर मोठ्याला लवकर लागतो. ऑडिटमध्ये हे उदाहरण द्या, ऐकतात.

---

गाळा_नंबर_७ (भोसरी)

दीड महिन्याने उत्तर देतोय, माफ करा. सगळ्यांचं वाचून त्याच आठवड्यात गेलो होतो रात्री.

साडेबारा नाही, पावणेएक. गाडी कोपऱ्यावर लावून चालत गेलो, शटर अर्धं वर होतं. आवाजाचं खरं आहे. बोअरिंगला हाउसिंग जरा गुरगुरतं. मशीन ३ शिट्टी वाजवल्यासारखं फिरत होतं. आत फिक्स्चर रिकामं, क्लॅम्प उघडे, कूलंट बंद, वर दिवा हिरवागार. आणि शेजारी आमचे मामा (वीस वर्षं माझ्याकडे आहेत, वडिलांच्या वेळचे) पालथ्या बिनवर बसून डबा खात होते. मला बघून घास हातातच राहिला. मी काय बोलणार? म्हटलं मामा, जेवून घ्या. ते म्हणाले, "तीन तास झाले, पहिला पीस ओके करायला कुणी नाही. लाल दिसलं की तुझा फोन येतो, मग काय करू?" फोन मीच करायचो. घरून मोबाईलवर बघून.

टीव्ही दुसऱ्या दिवशी उतरवला. बारा पाळ्या मामांनी आणि सेटरने खडूने फळ्यावर लिहिलं, मशीन ३ का थांबलं, किती मिनिटं. बॉक्सवाल्याच्या अ‍ॅपमध्ये थांबण्याची तेवीस कारणं होती, फळ्यावर पाचच पुरली. सरासरी पाळीला: कास्टिंग नाही ७०, सेटिंग ६०, पहिला पीस तपासणीत अडकला ४५, इन्सर्ट (टूलची बदलायची धार) आणि टूल २५, जेवण-चहा ५०. बेरीज २५०. बॉक्सच्या पहिल्या महिन्याच्या, खऱ्या ३८ नगांच्या हिशोबाने २५२ वाया जात होती, म्हणजे दोन मिनिटांचाच फरक. खडूला मानलं.

आमचा इन्स्पेक्टर एकच आणि तो नऊला घरी जातो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्याची किंमत ४५ मिनिटं आहे हे माहीत नव्हतं. दोन पार्टसाठी पहिला पीस मामांनी आणि सेटरने बोअर डायलवर (भोकाचा व्यास मोजायचं गेज) तपासून सही करायची, इन्स्पेक्टर सकाळी पुन्हा बघणार, असं ठरवलं. चाकणच्या क्वालिटीकडून लेखी परवानगी घ्यायला दोन आठवडे गेले, बदल करायला एक दिवस.

शिरोलीकर, अंगठ्याचं वाचून बायको हसली, कारण वहीतला तो अंगठा तिचा असतो, ऑर्डर तीच पाठवते. आता आम्ही चार आठवड्यांचं ते पान (खरंच होतं, तिसऱ्या टॅबमध्ये!) आणि आमच्याकडचा कास्टिंगचा शिल्लक साठा असा एक गुगल शीट करून फौंड्रीला उघडा ठेवलाय. आमचे फौंड्रीवाले आधी म्हणाले हे कशाला, फोटो बरा होता. गेल्या आठवड्यात त्यांनीच फोन केला, 'तुमचा अमुक पार्ट शनिवारी संपतोय, उद्या ओततो.' असा फोन अकरा वर्षांत पहिल्यांदा आला.

प्लॅनिंगताई, तीन दिवस काही गोठले नाहीत. दोनवर 'बघतो' म्हणालेत, तेही तोंडी. रात्री पावणेबाराला पोर्टल अजून हलतं. सेटिंगची ६० मिनिटं आहे तिथेच आहेत.

मशीन ३ आता पाळीला ४४ देतंय, ट्रेमध्ये मोजून. ४४ सक २६४, म्हणजे ५५ टक्के. स्क्रीन ५८ वरून ५५ वर आली आणि चलन वाढलं. टर्निंगची तिन्ही मशीन जुनी आहेत, त्यांना काही लावत नाहीये. चारही व्हीएमसींना दिव्याचा बॉक्स काढून स्पिंडल लोडवालं घेतोय, मधे पीसी ठेवून. टीव्ही परत लावलाय, पण त्यावर टक्के नाहीत. कास्टिंग किती शिल्लक, उद्या कुठली सेटिंग आणि तपासणीला कुणाचा पीस पडलाय एवढंच. तिसरी ओळ मामांनी सांगितली.

परवा ऑडिट झालं. ते म्हणाले, महिन्याभरात तुमचा ओईई तीन टक्क्यांनी घसरला. मी सगळी कथा सांगितली, फळ्याचे फोटो दाखवले. ऐकून घेतलं, हसलेही. पण त्यांच्या फॉर्मात 'आधीचा आकडा खोटा होता' असा रकानाच नाही, त्यामुळे 'घसरणीबाबत सुधारणा आराखडा आठ दिवसांत सादर करावा' असा शेरा मारून गेले. कुणाकडे अशा आराखड्याचा नमुना असेल तर कृपया पाठवा. सोमवारपर्यंत द्यायचाय.